जांभ्याखालची पांढरी माती आणि मंगळावरचा पाऊस

प्रश्न : आमच्या घरामागे विहिरीचं काम चालू आहे. वर जांभा लागला, मग मऊ, ठिपकेदार माती आणि त्याखाली पांढरीफटक चिकण माती. त्याच आठवड्यात मंगळावरच्या जेझेरो विवराविषयी वाचलं. तिथे म्हणे एके काळी सरोवर होतं, त्यात नदी येऊन मिळत होती आणि तिने त्रिभुज प्रदेशही तयार केला होता. मंगळ लाल आहे तो आमच्यासारखा जांभ्याचा म्हणून का? आमची कर्ली नदी समुद्राला मिळते तिथे त्रिभुज प्रदेश नाही, मग त्या कोरड्या ग्रहावर तो झाला कसा आणि टिकला कसा? आजीला हे सांगितलं तर ती म्हणाली, "थंय पाणी होतां ह्यां बघूक कोण गेल्लो?" तिला काय सांगू? आणि जाता जाता, या विवरांना नावं कोण देतं? पिंगुळीचं नाव कधी लागेल का?
— एक वाचक, पिंगुळी, ता. कुडाळ

उत्तर : तुम्ही चार प्रश्न विचारलेत. पण जी गोष्ट नुसती सांगून सोडून दिलीत ती, म्हणजे विहिरीतली पांढरी माती, मला त्या चारही प्रश्नांहून मोलाची वाटली. तिच्याकडे येतोच. आधी रंगाचं उरकून घेऊ.

मंगळावर जांभा नाही. त्याचा लालपणा बराचसा धुळीचा आहे आणि धूळ झटकली की खाली काळा-करडा दगड दिसतो. क्युरिऑसिटी या रोव्हरने गेल नावाच्या विवरात खडकाला भोक पाडलं तेव्हा आतून निघालेली पूड करडी होती. ग्रहाचा मूळ पाषाण आपल्या सह्याद्रीसारखा बेसॉल्ट. त्यातलं लोह गंजलं आणि वाऱ्याने तो गंज दळून ग्रहभर पसरवला. ही धूळ हेमटाइट या खनिजाची असं बराच काळ मानलं जात होतं. २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाने त्याऐवजी फेरिहायड्राइटकडे बोट दाखवलं. हे खनिज स्वतःत पाणी धरून असतं आणि थंड पाण्यातही चटकन तयार होतं. तेव्हा नुसता लाल रंग पाहून 'कधीतरी पाणी होतं' एवढंच म्हणता येतं. किती होतं, किती काळ होतं, ते आकाशातून पडत होतं की बर्फ वितळून येत होतं, हे रंग सांगत नाही. जांभा सांगतो. पण जांभा मंगळावर कुणाला सापडलेला नाही.

आता जेझेरो. मंगळाच्या उत्तर गोलार्धात, इसिडिस नावाच्या प्रचंड खोलगट मैदानाच्या पश्चिम काठावर हे विवर आहे. व्यास सुमारे ४५ किलोमीटर. कणकवली आणि सावंतवाडी यांच्यात सरळ रेषेत साधारण तेवढंच अंतर आहे, म्हणजे पिंगुळीसकट अख्खा कुडाळ तालुका आत मावेल आणि वर जागा उरेल. ग्रहाभोवती फिरणाऱ्या यानांनी काढलेल्या छायाचित्रांत या विवराच्या भिंतीला तीन खिंडारं दिसली. पश्चिमेकडून आणि उत्तरेकडून एकेक कोरडी दरी आत शिरते, पूर्वेकडून एक बाहेर पडते. आत येणारी दरी असली तर पाणी आलं एवढंच कळतं. ते जमिनीत मुरूनही गेलं असेल. बाहेर जाणारी दरी जास्त बोलकी आहे. भिंत ओलांडून पाणी निघायचं तर विवर आधी त्या उंचीपर्यंत भरलेलं असावं लागतं. म्हणून इथे सरोवर होतं हे तिथे कुणीही उतरायच्या आधीच ठरल्यासारखं होतं. सरोवराचा काळ साडेतीनशे कोटी वर्षांहून जुना धरतात.

पश्चिमेची दरी जिथे विवरात उतरते तिथे पंख्यासारखा पसरलेला गाळाचा ढीग आहे. तोच तुम्ही वाचलेला त्रिभुज प्रदेश. नासाचा पर्सिव्हिअरन्स हा रोव्हर १८ फेब्रुवारी २०२१ रोजी त्याच्यापासून दोनेक किलोमीटरवर उतरला, तो याच ढिगासाठी.

कर्लीने असा प्रदेश का केला नाही? त्रिभुज प्रदेशासाठी गाळ लागतो, आणि पडलेला गाळ पडल्या जागी राहू देणारं पाणी लागतं. पश्चिमवाहिनी नद्यांच्या नशिबात दुसरी गोष्ट नाही. सह्याद्रीपासून समुद्रापर्यंतची त्यांची धाव आखूड आणि उताराची. मुखाशी पोचलं की भरती-ओहोटी रोज दोनदा सगळं ढवळते आणि पावसाळ्यातल्या लाटा वाळू किनाऱ्याच्या कडेने ओढून नेतात. देवबागची ती चिंचोळी वाळूची पट्टी, एका बाजूला कर्ली आणि दुसऱ्या बाजूला अरबी समुद्र, ही याच ओढाताणीतली जमीन आहे. शिवाय शेवटच्या हिमयुगानंतर जगभर समुद्राची पातळी सुमारे १२० मीटरने चढली. नद्यांच्या मुखाकडच्या जुन्या दऱ्या बुडाल्या, त्याच आपल्या खाड्या. आधी ती बुडालेली दरी गाळाने भरायची, मग समुद्रात पुढे सरकायचं. कोकणातल्या नद्या अजून पहिल्याच कामात आहेत.

सरोवराचं गणित वेगळं. भरती नाही, मोठ्या लाटा नाहीत. मे महिन्यात पाणी उतरल्यावर धामापूरच्या तळ्यावर किंवा जवळच्या एखाद्या पाझर तलावावर जा आणि ओहोळ आत शिरतो तिथलं तोंड पाहा. जाड वाळू आधी पडलेली, बारीक माती पुढे गेलेली आणि एकूण आकार पंख्याचा. जेझेरोत हेच घडलं, फक्त माप किलोमीटरमधलं होतं.

तो टिकला कसा, याचं उत्तर मंगळाच्या दुर्दैवात आहे. आपल्याकडे जमीन सरकते, वर उचलली जाते, खाली गाडली जाते. वरून पाऊस, आतून मुळं, किनाऱ्यावर कुर्ल्यांची बिळं. साडेतीनशे कोटी वर्षांपूर्वीचा नदीचा गाळ जसाच्या तसा उघड्यावर पडलेला पृथ्वीवर मिळणं फार अवघड. मंगळावर भूपट्ट सरकत नाहीत, आणि हवा विरळ झाल्यावर पाऊस संपला. उरला तो वारा. त्याने मात्र खाल्लं बरंच. मुख्य ढिगापासून तुटून एकटी उभी राहिलेली एक टेकडी आहे, तिला कोडियाक नाव दिलंय. रोव्हरने उतरल्यावर दुरूनच तिची छायाचित्रं घेतली आणि त्यांत थरांची जी रचना दिसली ती भूगर्भशास्त्राच्या पहिल्या वर्षाच्या पुस्तकातली होती. तळाला आडवे थर, मध्ये पुढे झुकलेले, वर पुन्हा आडवे. नदी गाळ सरोवरात ढकलत पुढे सरकली की असेच थर पडतात, आणि झुकलेले थर जिथे वरच्या आडव्या थरांना भेटतात ती उंची म्हणजे त्या वेळची पाण्याची पातळी. ती पूर्वीच्या अंदाजाहून बरीच खाली निघाली. आणखी एक गोष्ट दिसली. या शांत थरांच्या वर मोठमोठे धोंडे होते, काही मीटरभराहून मोठे. असा धोंडा संथ नदी हलवत नाही. म्हणजे अखेरच्या काळात तिथे पूर येत होते. का येत होते, यावर वाद आहे.

इथपर्यंत सगळं अपेक्षेप्रमाणे. मग विवराच्या तळाने शास्त्रज्ञांची गंमत केली. सरोवराचा तळ म्हणजे चिखलाचे थर, अशी बहुतेकांची समजूत होती. रोव्हरने खडक घासून पाहिले तर ते अग्निजन्य निघाले : लाव्हाचे आणि जमिनीखाली सावकाश थंड झालेल्या शिलारसाचे. त्यांत ऑलिव्हिन हे हिरवट खनिज भरपूर, आणि बरंचसं न कुजलेलं.

हे न कुजणं लक्षात ठेवा. ऑलिव्हिन पाण्यात फार लवकर बिघडतं. दरसाल तीन हजार मिलिमीटरच्या घरात पाऊस असलेल्या सिंधुदुर्गात ते उघड्यावर ठेवलं तर भूशास्त्रीय मापाने बघता बघता मातीत जमा होईल. जेझेरोच्या तळाला पाणी लागलेलं आहे, खडकांत कार्बोनेट आणि क्षार सापडतात, पण ऑलिव्हिन उरलं आहे. म्हणजे पाण्याने हात लावला, पण पुरा घेतला नाही.

जेझेरोसारखं, बेसॉल्टमध्ये उल्केच्या आघाताने झालेलं विवर महाराष्ट्रात पाहायचं तर अर्थात लोणार. व्यास सुमारे १.८ किलोमीटर, खोली दीडशे मीटरच्या आसपास. १८२३ मध्ये सी. जे. ई. अलेक्झांडर या ब्रिटिश अधिकाऱ्याने त्याची नोंद केली. ते ज्वालामुखीचं की उल्केचं हा घोळ बराच काळ चालला, आणि १९७३ मध्ये सायन्स नियतकालिकातल्या लेखाने, धक्क्याने काच झालेल्या खनिजांच्या पुराव्यावर, तो आघाताच्या बाजूने सोडवला. वयाचा घोळ त्याहून मोठा. पूर्वी पन्नास हजार वर्षं म्हणत. अर्गॉन पद्धतीने २०११ मध्ये काढलेलं वय सुमारे पाच लाख सत्तर हजार वर्षं येतं. पृथ्वीवर बेसॉल्टमध्ये झालेली आणि नीट राखलेली आघात-विवरं बोटांवर मोजण्याइतकी आहेत, म्हणून मंगळाचा अभ्यास करणारे लोणारला येत असतात. ईशान्य काठावरून बारमाही धार कड्यातून उतरते आणि पायथ्याशी तिच्या गाळाचा छोटा पंखाही आहे. फरक पाण्याच्या वाटेत आहे. लोणारला पाणी बाहेर जायला वाट नाही, म्हणून क्षार साठत गेले आणि पाणी साबणासारखं अल्कधर्मी झालं. २०२० च्या जूनमध्ये ते गुलाबी झालं तेही क्षारप्रेमी सूक्ष्मजीवांमुळे. जेझेरोला पूर्वेकडून वाट होती, निदान काही काळ तरी. तेव्हा तिथलं पाणी गोडं असण्याची शक्यता जास्त. विवरातल्या पाण्याचा स्वभाव असा त्याच्या दारावर ठरतो.

आता खरा मुद्दा. मंगळावर पाणी होतं का, हा प्रश्न अभ्यासकांपुरता केव्हाच मिटला आहे. भांडण आहे ते पाणी कसलं आणि किती काळाचं यावर. एक पक्ष म्हणतो, मंगळ बहुतेक वेळ गोठलेलाच होता. अधूनमधून ज्वालामुखीने किंवा मोठ्या आघाताने हवा तापली, बर्फ वितळलं, दऱ्या वाहिल्या, पुन्हा सगळं गोठलं. या पक्षाचा आधार भक्कम आहे. मंगळाला आजही पृथ्वीच्या निम्म्याहून कमी ऊन मिळतं, आणि त्या काळी सूर्यच आजच्यापेक्षा सुमारे पाव हिश्श्याने मंद होता. जेझेरोचा गाळ साचायला काही शेकडो वर्षंही पुरली असतील, असं गणित मांडता येतं. लाखो वर्षं लागली असंही. दुसरा पक्ष म्हणतो, बराच काळ उबदार होता आणि पाऊस पडत होता. गेल विवरातून या पक्षाला चांगले दाणे मिळाले आहेत. तिथे चिखलाला पडलेल्या षटकोनी भेगा दिसल्या, त्या वारंवार भिजल्या-सुकल्याशिवाय पडत नाहीत. जेमतेम सहा मिलिमीटर उंचीच्या लाटांच्या खुणाही दिसल्या; उथळ पाण्यावर बर्फाचं झाकण नसेल आणि वारा लागत असेल तरच त्या उमटतात. पण भेगा आणि लाटा एखाद्या उन्हाळ्याची साक्ष देतात. लाखो वर्षांच्या हवामानाची साक्ष कोण देणार?

चिकण माती देते. आणि इथे महाराष्ट्रात राहणाऱ्या माणसाला पुस्तक उघडायची गरज नाही, घाट उतरला की पुरे. देशावर बेसॉल्टवर काळी माती असते, कापसाची. भिजली की फुगते, सुकली की हातभर भेगा पडतात. तिच्यात स्मेक्टाइट जातीचं चिकण खनिज असतं. आंबोलीच्या माथ्यावर दगड तोच, बेसॉल्ट. पण तिथे काळी माती नाही, जांभा आणि बॉक्साइट आहे. खडक एक, माती दोन. फरक पावसाचा. पाऊस कमी असला तर दगडातलं सोडियम, कॅल्शियम, मॅग्नेशियम पुरतं धुऊन जात नाही आणि स्मेक्टाइट बनतं. पाऊस धो धो असला, ऊब असली आणि पाणी मुरून निघून जायला उतार असला, की हे सगळं वाहून जातं, मागोमाग सिलिकाही जाऊ लागते. मागे राहतात हट्टी मूलद्रव्यं : लोह, ॲल्युमिनियम, टायटॅनियम. लोहाचा जांभा होतो. ॲल्युमिनियम उरलेल्या सिलिकेला धरून केओलिनाइट बनतं, म्हणजे चिनी माती.

तुमच्या विहिरीतला क्रम हाच आहे. वर चिरेखाणीत कापतात तो घट्ट जांभा, लोहाने भरलेला. त्याखाली लाल-पिवळ्या-पांढऱ्या ठिपक्यांचा मऊ थर, जिथे भूजल पावसाळ्यात चढतं आणि उन्हाळ्यात उतरतं, आणि लोह त्यासोबत जागा बदलतं. त्याखाली लोह निघून गेलेली पांढरट माती. ती ढासळते, म्हणूनच त्या खोलीला विहिरीला आतून चिरे लावून बांधून घ्यावं लागतं, हे खोदणाऱ्यांनी तुम्हाला सांगितलंच असेल. अजून खाली गेलात तर अर्धवट कुजलेला मूळ खडक लागेल. कुडाळ-सावंतवाडीच्या टापूत तो बहुतेक ठिकाणी सह्याद्रीच्या बेसॉल्टहून कितीतरी जुना, ग्रॅनाइट-नाइस जातीचा असतो. असा पूर्ण क्रम तयार व्हायला एक-दोन शतकं पुरत नाहीत. कोकणातल्या जांभ्याचा जन्मकाळ कोट्यवधी वर्षांत मोजतात.

कक्षेतल्या यानांना मंगळावर चिकण माती विपुल दिसते, पण ती बहुतांशी देशावरच्या जातीची, स्मेक्टाइट. तेवढ्याने थंडीवाला पक्ष हलत नाही, कारण स्मेक्टाइट जमिनीखालच्या कोमट पाण्यातही बनतं. काही ठिकाणी स्मेक्टाइटच्या वर केओलिनाइटचा पातळ थर दिसतो, आणि तिथपासून कोकणी पावसाची कुजबूज सुरू झाली होती.

जेझेरोत ती मोठ्याने ऐकू आली. रोव्हरच्या वाटेवर इकडेतिकडे पडलेले पांढरट, फिके दगड दिसू लागले. काही खड्याएवढे, काही धोंड्याएवढे. आजूबाजूच्या खडकांशी त्यांचं काही नातं दिसत नव्हतं. रोव्हरवरच्या सुपरकॅम या उपकरणाने त्यांच्यावर लेझरचा मारा केला आणि उडालेल्या ठिणगीच्या आणि दगडावरून परतलेल्या प्रकाशावरून त्यांत काय आहे ते वाचलं. ॲल्युमिनियम भरपूर, लोह आणि मॅग्नेशियम कमी, आणि केओलिनाइटची खूण. यावर २०२४ आणि २०२५ मध्ये संशोधनलेख आले. केओलिनाइट उकळत्या झऱ्यांच्या आम्लयुक्त पाण्यानेही बनू शकतं, हा आक्षेप अभ्यासकांनी स्वतःच घेऊन तपासला. त्यांनी या दगडांची रसायनं पृथ्वीवरच्या प्राचीन पावसाळी मातींशी आणि झऱ्यांजवळच्या चिकण मातींशी ताडून पाहिली. टायटॅनियम ॲल्युमिनियमसोबत मागे राहिलं होतं आणि लोह निघून गेलं होतं. जुळणी पावसाकडे जास्त झुकली. म्हणजे लाखो वर्षांचा, भरपूर, उबदार हवेतला पाऊस.

तुमच्या आणि मंगळावरच्या मातीत एक फरक आहे आणि तो पाऊसवाल्या पक्षाच्या बाजूचा आहे. ग्रॅनाइटसारख्या फिक्या खडकात लोह मुळात कमी, ॲल्युमिनियम जास्त. त्याची पांढरी माती व्हायला तुलनेने कमी श्रम. मंगळाचा खडक लोहाने गच्च भरलेला. त्यातून पांढरा दगड काढायचा तर पाण्याला जास्त धुवावं लागतं.

मग ते न कुजलेलं ऑलिव्हिन? एकाच विवरात एक साक्षीदार म्हणतो लाखो वर्षं पाऊस पडला, दुसरा म्हणतो मला तर नीट भिजवलंही नाही. मला वाटतं, दोघंही खरं बोलतात, पण वेगवेगळ्या काळाबद्दल. पांढरे दगड जेझेरोत तयार झालेले दिसत नाहीत. ते दुसरीकडे, सरोवराच्याही आधीच्या काळात झाले आणि नंतर इथे आले. नदीने वाहून आणले असतील, किंवा जवळपास कुठे आघात होऊन उडाले असतील. काहींवर नंतर जबर तापल्याच्या खुणाही आहेत, तेही आघाताशी जुळतं. ज्या कड्यातून ते निघाले तो कडा अजून रोव्हरला भेटलेला नाही, आणि तोवर या पुराव्याला एक उणेपणा राहणार. तुमच्या पिंगुळीच्या चित्रकथीच्या पोथीतलं एखादं सुटं पान हाती लागावं तसं आहे हे : चित्र स्वच्छ दिसतं, पण कथेत त्याच्या आधी काय आणि पुढे काय ते सांगता येत नाही. विवराच्या काठावर आणि भोवतालच्या पठारावर केओलिनाइटचे मोठे पट्टे कक्षेतून दिसतात. रोव्हर डिसेंबर २०२४ मध्ये विवराचा काठ चढून वर गेला आहे, तेव्हा आशा ठेवायला जागा आहे.

'मंगळावर पाणी होतं' असं एकवचनी वाक्य वर्तमानपत्रांत वाचलं की म्हणून मला ते अपुरं वाटतं. आधी एक पावसाळी मंगळ असावा, पांढऱ्या मातीचा. मग पूर आणि सरोवरांचा, अधूनमधून ओला होणारा. मग आजचा, जिथे हवेचा दाब पृथ्वीच्या शतांशाहून कमी आहे आणि उघडं पाणी उकळतं नाहीतर गोठतं. या तिन्हींमध्ये कोट्यवधी वर्षांचं अंतर आहे, आणि जीवसृष्टीचा प्रश्न विचारायचा तर कोणत्या मंगळाला, हे आधी ठरवावं लागतं.

तो प्रश्न तुम्ही विचारला नाहीत, पण विचारणार हे नक्की, म्हणून थोडक्यात. जेझेरोत येणाऱ्या पश्चिमेच्या दरीत, म्हणजे नेरेत्वा दरीत, जुलै २०२४ मध्ये चेयावा फॉल्स नाव दिलेला एक चिखलदगड मिळाला. त्यावर बिबट्याच्या अंगावर असतात तसे ठिपके आहेत. ठिपक्यांत व्हिव्हियानाइट आणि ग्रेगाइट ही लोहाची खनिजं असल्याचं सप्टेंबर २०२५ मध्ये नेचर नियतकालिकात प्रसिद्ध झालं. पृथ्वीवर अशी खनिजं सूक्ष्मजीव चिखलात बनवतात. त्यांच्याविनाही ती बनू शकतात. निकाल इथल्या प्रयोगशाळेत लागेल. त्या दगडाचा नमुना नळीत बंद करून रोव्हरजवळ ठेवलेला आहे, आणि नळ्या पृथ्वीवर आणायच्या मोहिमेचं घोडं खर्चापायी अडलं आहे.

आता आजी. त्यांना सांगा, बघायला माणूस कोणी गेला नाही, यंत्र गेलंय. पण पाणी वाहताना त्या यंत्रालाही दिसलं नाही. त्याने पाहिलं ते पाण्याने मागे काय ठेवलं ते. आणि त्यांना विहिरीच्या काठावर नेऊन ती पांढरी माती दाखवा. ती कोणत्या पावसाने झाली तो पाऊसही आजींनी पाहिलेला नाही, त्यांच्या आजीनेही नाही. तरी जांभा पावसाशिवाय होत नाही, हे तुमच्या गावात कुणाला पटवावं लागणार नाही.

राहिलं नावाचं. नावं आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्र संघ मंजूर करतो. मंगळावरच्या मोठ्या विवरांना दिवंगत शास्त्रज्ञांची वगैरे नावं देतात आणि लहान विवरांना जगातल्या छोट्या गावांची, ज्यांची लोकसंख्या एक लाखाच्या आत आहे अशांची. जेझेरो हेही बोस्निया-हर्झेगोविनातलं एक गाव आहे. मंगळाच्या उत्तरेकडे लोणार नावाचं एक विवर आहे. जून २०२४ मध्ये अहमदाबादच्या भौतिकी संशोधन प्रयोगशाळेने सुचवलेली तीन नावं मंजूर झाली : तिथले माजी संचालक देवेंद्र लाल यांच्यावरून 'लाल', उत्तर प्रदेशातल्या गावावरून 'मुरसान' आणि बिहारमधल्या गावावरून 'हिलसा'. लाल विवर ६५ किलोमीटरचं, लाव्हाने भरलेलं. रडारने त्या लाव्हाखाली सुमारे ४५ मीटर जाडीचा गाळाचा थर दाखवला, म्हणजे तिथेही कधीतरी पाण्याने माती आणून टाकली होती. पिंगुळी लोकसंख्येच्या अटीत आरामात बसते. पण गावाचा मान म्हणून नाव देत नाहीत, ग्रामपंचायतीचा ठराव चालत नाही. एखाद्या विवरावर काम करणाऱ्या अभ्यासकाला त्याचा उल्लेख करायला नाव हवं असतं, तेव्हा तो सुचवतो. कुडाळच्या एखाद्या कॉलेजात भूगर्भशास्त्र किंवा भूगोल शिकणारं कुणी ओळखीचं असेल तर त्यांच्या कानावर घालून ठेवा.